हेडमध्ये तुटलेला एक्झॉस्टचा स्टड: आधी ड्रिल बाजूला ठेवा

सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाजवळून टिक-टिक-टिक आवाज येतो. गाडी तापली की तो मंदावतो, कधी बंदच होतो. चढाला पाय दाबला की पुन्हा वर येतो. बरेच जण याला टॅपेटचा आवाज समजतात, व्हॉल्व्ह सेट करून घेतात, ऑइल बदलतात, आणि आवाज आहे तसाच राहतो. बॉनेट उघडून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) इंजिनाच्या वरच्या भागाला, म्हणजे हेडला, जिथे बसतो तिथे टॉर्च मारा. काळ्या काजळीचा फराटा दिसला तर दोघांमधली गळती रोखणारी पट्टी, गॅस्केट, फुंकतंय. आणि टोकाच्या सिलिंडरपाशी नट असायला हवा तिथे नुसतं भोक दिसलं, तर मॅनिफोल्ड धरून ठेवणारा आट्यांचा दांडा, म्हणजे स्टड, तुटलेला आहे.

खात्री करायची असेल तर गार इंजिनावर करा. व्हॅक्यूम क्लीनरची फुंकायची बाजू सायलेन्सरच्या तोंडाला लावा, कडेने चिंधी गुंडाळा आणि मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे जिथे येतील तिथे गळती.

ही गळती नुसत्या आवाजापुरती नसते. एक्झॉस्टचा दाब धक्क्याधक्क्याने येतो आणि दोन धक्क्यांच्या मध्ये त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे ऑक्सिजन सेन्सर असेल तर त्याला ती जास्तीची हवा दिसते, तो पेट्रोल कमी पडतंय असं कळवतो आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. अ‍ॅव्हरेज पडतं ते यामुळे. शिवाय बॉनेटखालचा धूर एसीच्या वाटेने आत येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, म्हणून पावसात काचा बंद करून घाट चढणाऱ्याने हे काम पुढे ढकलू नये.

हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे दुखणं नेहमीचं आहे. वाईट हे की एकदा झालं की पुन्हा होतं, बहुतेक वेळा त्याच जागी. त्यामुळे स्टड बाहेर काढणं हे अर्धंच काम आहे. तो का तुटला हे पाहिलं नाही तर पुढच्या गणपतीला पुन्हा तेच.

तुटतो कशाने

दोन कारणं एकत्र येतात. पहिलं उष्णतेचं. मॅनिफोल्ड बहुतेक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. ४०० मिमी लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड ५०० अंशांनी तापला की साधारण २ मिमी लांब होतो. हेडमधून पाणी फिरतं, म्हणून हेड जेमतेम ८०-९० अंशांनी तापतं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम जास्त पसरणारं असूनही पाऊण मिमीच्या आसपासच वाढतं. हा फरक सगळ्यात जास्त दोन टोकांना जाणवतो. टोकाचे स्टड प्रत्येक फेरीत आडवे वाकवले जातात, गाडी गार झाली की परत सरळ होतात. म्हणून मधले सहसा शाबूत राहतात आणि टोकाचे जातात.

दुसरं कारण खारं. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून, मध्ये मिठाचा ओलावा, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम, आणि त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. ती आट्यांत घट्ट बसते. बाहेरच्या बाजूला नटाखाली लाल गंज तेच काम करतो. त्यात इथला पाऊस ३००० मिमीच्या घरातला, आणि मुंबईकर चाकरमान्याची गाडी गावच्या घरी महिनोन्‌महिने उभी. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीवर गाडी रोज चढत असेल, किंवा कोणी हौसेने कर्द्याच्या वाळूत लाटांपर्यंत नेली असेल, तर खार तळापर्यंत पोचलाच म्हणून समजा.

अजून तुटला नसेल तर

सर्वात स्वस्त दुरुस्ती इथेच आहे, म्हणून इथे घाई नको. आमच्याकडचे जुने फिटर म्हणतात तसं, "घाई कित्याक?"

आधी गाडी नीट उभी करा. जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण मग लोक जॅकस्टँड म्हणून अंगणातला चिरा लावतात. जांभा दगड भिंतीत कितीही टिकत असला तरी एका कोपऱ्यावर भार आला की फुटतो, आणि फुटताना आधी सांगत नाही. स्टँड नसतील तर लाकडी ओंडके आडवे-उभे रचा.

नट आणि स्टडचं बाहेरचं टोक तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. गंजाच्या थरावर तेल ओतून ते आत जात नाही. मग गंज सोडवणारं तेल लावा, रात्रभर सोडा, सकाळी पुन्हा लावा. डब्ल्यूडी-४० घरात असतंच, वाईट नाही, पण ते मुळात ओलावा हटवण्यासाठी बनवलेलं आहे. खास गंज सोडवायचं तेल मिळालं तर ते घ्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं हे मिश्रणही चांगलं चालतं. वापरण्याआधी दर वेळी हलवा, कारण दोन्ही वेगळे होतात. रंगावर सांडू देऊ नका आणि जवळ आग नको. रॉकेल-डिझेलवर मी विसंबत नाही.

तेल मुरत असताना स्टडच्या टोकावर हातोडीने हलके, सरळ ठोके द्या. ठोक्याने गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते. नंतर सहा कोनांचा गोटी पाना घ्या. बारा कोनांचा नको, गंजलेल्या नटाचे कोपरे तो खातो. आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने दाब द्या, मग सोडण्याच्या. हलला तर पाव फेरी सोडा, त्यातली निम्मी परत आवळा, तेल टाका, पुन्हा सोडा. एका दमात काढू नका.

आता या सगळ्या प्रकरणातली खरी खूण. पाना फिरतोय असं वाटतं, पण सोडला की मागे येतो: म्हणजे नट फिरत नाही, स्टड पिळला जातोय. तिथेच थांबा. आणखी जोर लावलात तर तो तुटणारच, आणि तुटेल तो हेडच्या बरोबर पातळीला. अशा वेळी नट मारा, स्टड वाचवा. नटाच्या एका बाजूला ग्राइंडरने स्टडच्या आट्यांच्या अलीकडेपर्यंत चीर पाडा आणि त्यात छिन्नी ठेवून ठोका. नट उघडतो, निघून येतो. नट किरकोळ किमतीचा असतो.

नटाबरोबर अख्खा स्टडच फिरून बाहेर आला तर त्याला पुन्हा आत घालण्याचा प्रयत्न करू नका. ते भाग्य समजा.

तुटला. किती बाहेर आहे ते मोजा

पुढचं सगळं या एका गोष्टीवर ठरतं. म्हणून आधी मॅनिफोल्ड उतरवा, गॅस्केटचे तुकडे खरवडा (जुनी गाडी असेल तर पाणी मारून, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं) आणि नीट उजेडात बघा.

१०-१२ मिमी बाहेर असेल आणि आटे शिल्लक असतील तर दोन नट चढवून एकमेकांवर आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून फिरवा. स्टड काढायचं रोलरवालं साधन मिळालं तर ते त्याहून चांगलं. व्हाइस ग्रिप हा मधला मार्ग आहे. एकदाच पकडायला मिळेल असं धरून चाला, कारण घसरली की आटेही जातात आणि गोलाईही.

दोन-तीन मिमी बाहेर असेल, किंवा अगदी पातळीला असेल, तर माझ्या मते पहिला उपाय वेल्डिंग आहे, ड्रिल नाही. लोक उलटं करतात, कारण ड्रिल घरात असतं आणि वेल्डिंगवाल्याला बोलवावं लागतं. पण ड्रिल चुकलं की मागे यायची वाट नाही. वेल्ड सुटलं तर नुसतं परत करायचं.

कोकणात हे अवघड नाही. गेट आणि ग्रिल करणारा कोणी ना कोणी प्रत्येक गावाच्या आसपास असतो. त्याहून चांगलं म्हणजे बंदरावर ट्रॉलरची इंजिनं उघडणारा फिटर. देवगड, मालवण, हर्णै, मिरकरवाडा, जिथे बोटी लागतात तिथे हे लोक असतात, आणि खाऱ्या पाण्यात जाम झालेला स्टड त्यांच्या रोजच्या कामातला.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, ईसीयूचा प्लग सोडा, अर्थचा चिमटा हेडवरच, स्टडच्या जवळ लावा. चिमटा बॉडीला लावला तर करंट बेअरिंगमधून किंवा एखाद्या सेन्सरच्या वायरमधून वाट काढतो. पेट्रोलचे पाइप ओल्या गोणपाटाने झाका.

स्टड पातळीला असेल तर आधी त्याच्या तोंडावर वेल्डचा छोटा ठिपका, त्यावर दुसरा, असं करत धातू वर आणायचा. मग त्यावर वॉशर बसवून आतून वेल्ड, मग वॉशरवर एक आकार मोठा नट ठेवून नटाच्या पोटात वेल्ड भरायचा. मिग मशीन असेल तर सोपं. आर्क असेल तर बारीक रॉड आणि थोडा थोडा वेळ. अ‍ॅल्युमिनियमवर उडालेले पोलादाचे शिंतोडे धरत नाहीत, नंतर टोकरून निघतात. मात्र शुद्ध अ‍ॅल्युमिनियमही ६६० अंशांनाच वितळतं, तेव्हा एकाच जागी आर्क रेंगाळू देऊ नका.

वेल्डचा मुख्य फायदा नट चिकटण्यात नाही, उष्णतेत आहे. लाल झालेला स्टड पसरायला जातो, भोवतीचं गार अ‍ॅल्युमिनियम त्याला पसरू देत नाही, म्हणून तो आतल्या आत दाबला जातो. थंड होताना आकसतो तो आधीपेक्षा बारीक होऊन, आणि आट्यांतला गंज तडकतो. म्हणून लाल असताना पाना लावायचा नाही. लाली गेली, हात जवळ नेता येईना इतकं गरम आहे, अशा वेळी कडेला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. मग आवळा-सोडा, आवळा-सोडा. नट तुटून आला तर दुसरा लावा. पहिल्या खेपेला न सुटलेला स्टड पुढच्या खेपांत सुटतो, कारण दर खेपेला तो तापतो आणि आकसतो.

ड्रिल लावायचंच असेल

स्टड पातळीच्या आत खोल तुटला असेल, किंवा वेल्डिंगचं टोक तिथे पोचतच नसेल, तर ड्रिल. इथे शत्रू एकच: पोलाद कडक, भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम मऊ, आणि पाणी उताराकडे जातं तसं ड्रिल मऊ धातूकडे जातं. नुसत्या डोळ्याने, हातात ड्रिल धरून मध्य साधणारे लोक असतात, पण त्यांच्यात आपली गणना करू नये.

तुटलेलं तोंड तिरपं असतं. ते कानशीने किंवा डाय ग्राइंडरने सपाट करा, मध्यावर पंच मारा. मग लेथवाल्याकडून एक बुश करून घ्या: बाहेरचा व्यास मॅनिफोल्डच्या भोकात चपखल बसेल असा, आत ३ मिमीचं भोक. मॅनिफोल्ड बाकीच्या स्टडवर परत बसवा, टोकाच्या भोकात बुश घाला आणि त्यातून ड्रिल करा. टोकाचं भोक अंडाकृती असेल तर बुश त्याच्या नेमक्या मध्यावर आहे ना ते पाहा. एवढ्या खटाटोपाने बिट भरकटत नाही.

बिट कोबाल्टचं घ्या. वेग कमी, दाब भक्कम, तेल सतत. बाहेर वेटोळी निघाली पाहिजेत. भुकटी निघायला लागली किंवा बिट निळं पडलं तर वेग जास्त आहे किंवा धार गेली आहे. डाव्या फिरकीचं बिट मिळालं तर तेच वापरा आणि ड्रिल उलटं फिरवा. स्टड ढिला असेल तर बिट आत अडकून त्याला स्वतःच बाहेर घेऊन येतं. खोलीही आधी मोजा. काही इंजिनांत स्टडची भोकं पाण्याच्या जॅकेटपर्यंत जातात. अशा गाडीचं कूलंट आधीच काढून ठेवा, आणि नवा स्टड बसवताना आट्यांना सीलंट लावा.

३ नंतर ५, आणि मग ८ मिमीच्या, दोन आट्यांत सव्वा मिमी अंतर असलेल्या स्टडसाठी साडेसहापर्यंत जा. मध्य बरोबर साधला असेल तर आता स्टडची नुसती साल उरते. टोकदार पंचाने ती आत वळवली की आट्यांची स्प्रिंग निघावी तशी बाहेर येते. मग ८ मिमीचा टॅप हाताने फिरवून आटे साफ करा. नवे आटे पाडायचे असतील तर ६.८ मिमीचं भोक लागतं. १० मिमीच्या स्टडला दीड मिमीचे आटे असतील तर ८.५, सव्वाचे असतील तर ८.८. आटे खाल्ले गेले असतील तर हेलिकॉइल (भोकात बसवायची आट्यांची पोलादी कॉइल) बसवा. तो लाजिरवाणा उपाय नाही. मऊ अ‍ॅल्युमिनियमपेक्षा पोलादी कॉइलमधले आटे जास्त टिकतात.

ईझी-आउटबद्दल (तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून, त्यात उलटा फिरवून स्टड काढायचं साधन) एवढंच: जो स्टड पाना लावून, तापवून सुटला नाही, तो त्याहून बारीक, ठिसूळ तुकड्याने सुटेल असं का वाटावं? पिळाचा ईझी-आउट आत शिरताना स्टडला आतून फुगवतो, म्हणजे आणखी घट्ट करतो. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. मग हेड उतरवून स्पार्क इरोजनच्या, म्हणजे ठिणग्यांनी धातू कुरतडणाऱ्या, मशीनवर न्यावं लागतं. वेल्डनंतर थोडा हलायला लागलेल्या स्टडला तो चालतो. जाम स्टडला नाही.

तुरटीची युक्तीही अनेकांनी ऐकलेली असते. उकळत्या तुरटीच्या पाण्यात पोलाद हळूहळू विरघळतं, अ‍ॅल्युमिनियम राहतं. गोष्ट खरी आहे, आणि सुट्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागात अडकलेल्या बारीक टॅपसाठी ती वापरतात. पण हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीटा लोखंडी असतात. तुरटी त्या सोडणार नाही. हेड तुरटीत बुडवू नका.

नवा स्टड

गाडीच्या पार्टनंबरचाच घ्या. हार्डवेअरच्या दुकानात आटे पाडलेली सळई मिळते, ती कापून स्टड केलेले मी पाहिले आहेत; ती कमी ताकदीची असते, तापल्यावर ताणली जाते आणि नट ढिला होतो. स्टेनलेस स्टडवर स्टेनलेस नटही टाळा, दोन्ही एकमेकांना चावून बसतात. तांब्याचा मुलामा दिलेले किंवा पितळी नट उत्तम. ते गंजाने जाम होत नाहीत.

स्टड हेडमध्ये हाताने पूर्ण बसवून किंचितच आवळायचा. कॉपर ग्रीस दोन्ही टोकांच्या आट्यांना, पातळ. पाण्याच्या जॅकेटवाला असेल तर आतल्या टोकाला फक्त सीलंट. नट मधून सुरू करून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत. ८ मिमीला टॉर्क सहसा २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण आपल्या गाडीचं पुस्तक बघा, आणि ग्रीस लावल्यावर तोच आकडा जास्त ताण देतो हे लक्षात ठेवून खालच्या मर्यादेला थांबा. टॉर्क रेंच नसेल तर तो भाड्याने आणा, अंदाजाने आवळू नका.

त्याच जागी पुन्हा तुटत असेल तर

मॅनिफोल्ड हातात आहे तोवर त्याच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवा आणि खालून फीलर गेजची पाती सरकवून बघा. टोकं उचललेली असतील तर मॅनिफोल्ड वाकलाय. असा मॅनिफोल्ड नव्या स्टडने ओढून बसवला की स्टड पहिल्या दिवसापासून ताणात. तो कुडाळ एमआयडीसी किंवा रत्नागिरीत मिरजोळ्याकडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये नेऊन सरफेस, म्हणजे तोंड सपाट, करून घ्या. पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या बाहेर गेला असेल तर बदला.

बऱ्याच मॅनिफोल्डना टोकाची भोकं मुद्दाम मोठी किंवा अंडाकृती ठेवलेली असतात, पसरताना सरकायला जागा मिळावी म्हणून. इकडे त्या जागेत गंज भरतो आणि मॅनिफोल्ड सरकायचा थांबतो. गोल कानशीने ती भोकं स्वच्छ करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि जवळपास कोणीच करत नाही.

नंतर गाडीखाली जा. सायलेन्सरचे रबरी हँगर तुटले असतील तर मागचा सगळा पाइप मॅनिफोल्डला लोंबकळतो, आणि प्रत्येक खड्ड्याचा झटका त्या टोकाच्या स्टडला बसतो. इंजिन माउंटिंग फाटलं असेल तरी तेच. फोंडा किंवा आंबोली घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरला इंजिन झुलतं, पाइप झुलत नाही, आणि भांडण स्टडवर निघतं. मॅनिफोल्डच्या खाली पाइपला आधार देणारी एक पट्टी असते, ती दुरुस्तीत बहुधा काढून कोपऱ्यात टाकलेली असते. ती शोधून परत लावा.

घाटातून उतरल्यावर तापलेल्या मॅनिफोल्डवर पाइपाने पाणी मारू नका. फेरीबोटीवरून किंवा वाळूतून आल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवायचा तो गाडी गार झाल्यावर. आणि मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, गार इंजिनावर सगळ्या नटांना ब्रश मारून तेलाचा हात द्या. पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडा धूर निघेल, ते तेल जळतंय.

नवीन गॅस्केट टाकल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर, इंजिन पूर्ण गार असताना, नट त्याच टॉर्कला पुन्हा तपासा. एखादा ढिला सापडला तर आवळा आणि पुढच्या आठवड्यात तोच परत बघा. तोच पुन्हा ढिला झाला असेल तर पट्टी आणि फीलर गेज पुन्हा बाहेर काढा.